सहा आवाजांचं मशीन

बा, तुझी खाट जिथं असायची तिथं आता एक मशीन ठेवलं आहे. खाली टेबल, वर मशीन, त्यावर आईच्या लुगड्याची गोधडी. पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आहेत, पण भाता नाही, हवा भरावी लागत नाही. पट्ट्यांच्या वर सगळ्या खुंट्या आणि बटणं. संध्याकाळी मी वायर भिंतीतून काढतो, पुन्हा जाऊन बघतो की काढली आहे ना, आणि अंथरुणावर पडलो की वाटतं, बघितलं ते आज बघितलं की काल. तुला हे नवीन नाही. लहानपणी मी म्हशीचं दावं असंच पुन्हा पुन्हा चाचपायचो आणि तू चारचौघांत म्हणायचास, ‘याच्या डोक्यात उंदीर फिरतात.’ अजून फिरतात. आता तर खरेच उंदीर वायर कुरतडतील म्हणून मी टेबलाखाली पिंजरा लावला आहे.

हे मशीन का आलं ते सांगतो. तू गेल्यावर तुझी पिपाणी दादाकडं गेली, थोरल्या काकांच्या मुलाकडं. वाजवायची चाल तू त्यालाच दिली होतीस, तेव्हा ते बरोबरच होतं. तुझ्याइतकीच वर्षं त्यानं वाजवली आणि तुझ्यासारखंच कुणाला शिकवलं नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी तोही गेला. गेल्या वर्षी आपल्या गावाचा बोहाडा पिपाणीशिवाय झाला. मुखवटे बांधलेल्या बाकीच्या सोंगांचं संबळाच्या ठेक्यावर भागलं. गणपती नाचला, मारुती नाचला, राक्षसांनी पोरांना पळवलं. पण शेवटच्या सकाळी देवीचं सोंग निघतं तेव्हा तुझी चाल लागते, आणि ती नव्हती. पोरांनी डीजेवर कुठलं तरी गाणं लावलं. देवीचा मुखवटा ज्याच्या घरात आहे तो माणूस मुखवटा बांधून पडद्यामागे उभा राहिला आणि बाहेर येईना. ‘पाय उचलत नाय,’ म्हणाला. शेवटी शेणव्याच्या बाजाराला निघाल्यासारखा चालत आला आणि चालत परत गेला. म्हाताऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

यंदा संक्रांत झाल्यावर बोहाड्याची मंडळी माझ्याकडं आली. ओटीवर बसली. मुलीनं चहा दिला.

‘काका, तुमच्या बापाची चाल तुमाला येतच आसंल.’

‘मी सूर धरायचो,’ मी म्हणालो. ‘चाल बा वाजवायचा. मग दादा.’

‘आवो पन ऐकली तर हाय ना? बाजूला बसून?’

‘ऐकली.’

‘मंग?’

त्यांच्यात एक ठेकेदार आहे, तोंडात कायम पान असतं. तो पिंक टाकून आला आणि म्हणाला, ‘म्हंजे काका, सारा जल्म बापाच्या बाजूला बसून नुस्ता भ्यांऽऽ केला का तुमी?’

सगळे हसले. हसण्यासारखंच होतं. मग एकानं हसू आवरून सांगितलं की बघा, जमलं तर यंदा करा, नाही जमलं तर पुढल्या सालापासून देवीला डीजेच, एकदाचं ठरवून टाकू, दरवर्षी कुणाच्या दारात जायचं. ते गेल्यावर मी कपाटातून माझी पिपाणी काढली. बा, माझ्या तोंडात आता पुढचा एकही दात नाही. पिपाणीची पत्ती ओठांत धरली तर वारा दोन्ही बाजूंनी सुटतो. म्हैस फुरफुरते तसा आवाज आला. मुलगी आतून बघत होती, ती बघत नसल्यासारखं करून बाहेर गेली.

तिनंच नवऱ्याला सांगितलं असणार. जावयाचं शहापुरात साऊंडचं काम आहे, हळदी, लग्नं, पुढाऱ्यांच्या सभा. मुंबईतला एक स्टुडिओ बंद झाला तेव्हा तिथले स्पीकर उचलताना हे मशीनही त्याच्या गळ्यात पडलं होतं. भाड्यानं कोणी नेत नाही, जड आहे आणि उन्हात बेसूर होतं. एका रविवारी त्यानं ते टेम्पोत घालून, गादीत गुंडाळून आणलं.

‘मामा, हा सिंथ हाय. जुना, अ‍ॅनालॉग. याच्यात कॉम्प्युटर नाय, कुनाचा भरलेला आवाज नाय. नुसती वीज. वीजच गाते.’

‘वीज गाते म्हंजे शॉक बसंल.’

‘नाय बसत.’

‘आनि पेटलं तर?’

‘पेटलं तर मला फोन करा.’

‘पेटल्यावर कशाला,’ मुलगी म्हणाली, ‘पेटायच्या आधीच धा वेळा करतील.’

मी केलेही. पण त्या आधी तुला पिपाणीबद्दल विचारायचं आहे. विचारायचं म्हणजे काय, तू थोडाच सांगणार आहेस. तेव्हाही सांगितलं नाहीस.

मी चौथीत आहे. तू कसाऱ्याहून घाट चढून नाशकाकडं गेला आहेस आणि परत येताना फडक्यात गुंडाळून पिपाणी आणली आहेस. ‘तुझी,’ म्हणतोस आणि माझ्या हातात देतोस. मी ती घेऊन अंगणात, गोठ्यात, विहिरीपर्यंत पळतो. वाजवता येत नाही, नुसती भोकांवर बोटं ठेवून पळतो. रात्री उशाशी घेऊन झोपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आई भाकऱ्या थापते आहे, आणि तू चुलीपुढं बसून पळीत मेण वितळवतो आहेस. जंगलातल्या मोहळाचं मेण, वाडीवरच्या ठाकरानं आणून दिलेलं. त्याचा वास मला आवडतो म्हणून मी जवळ येऊन बसतो. तू हात पुढं करतोस आणि मी पिपाणी तुझ्या हातात देतो, आनंदानं देतो. तू एकेका भोकात मेण ओततोस आणि अंगठ्यानं दाबतोस. मला वाटतं, असंच करायचं असतं, मग ते पुन्हा काढतात. आईला कळलं होतं. ती तव्यावरून नजर न काढता म्हणाली, ‘पोराला एक तरी भोक ठेवा की वो.’

‘भोक ठेवलं की पोर त्यात बोट घालनार,’ तू म्हणालास.

आणि मग मला सांगितलंस की ही सुराची पिपाणी. हिच्यातून एकच आवाज निघतो. तू चाल वाजवणार आणि मी खाली सूर धरणार, तुटू द्यायचा नाही. मी विचारलं, आणि चाल मला कधी? तू म्हणालास, ‘तुझ्या हाताला नाय यायची ती. तू सूर धर.’ माझे हात बघितलेही नव्हतेस. मग पाण्याच्या तांब्यात पपईच्या पानाचा देठ घालून फुंकायला बसवलंस. गालात वारा साठवायचा, नाकानं आत ओढायचा, तोंडानं सोडत राहायचा, पाण्यातले बुडबुडे थांबता कामा नयेत. थांबले की टप्पल. त्या उन्हाळ्यात माझं डोकं मऊ झालं होतं. दिवाळीपर्यंत बुडबुडे थांबेनासे झाले आणि पुढल्या लगीनसराईत मी तुझ्या डाव्या बाजूला बसलो. त्यानंतर उठलो नाही.

उठलो नाही, म्हणजे शाळेतही गेलो नाही. सहावीची वार्षिक परीक्षा लगीनसराईत आली. मास्तर स्वतः चालत घरी आले, ओटीवर बसून पाणी प्याले आणि म्हणाले, पोराला चार दिवस सोडा. तू हात जोडून हसत म्हणालास, ‘मास्तर, परीक्षा पुढल्या साली पन होईल. त्या पोरीचं लगीन एकदाच हाय.’ मास्तरांनाही हसू आलं. तुझं बोलणं असंच असायचं, समोरचा हसायचा आणि माझं काहीतरी जायचं. पुढल्या सालीही कुणाचं तरी लगीन एकदाच होतं.

म्हणून या मशीनपुढं पहिल्यांदा बसलो तेव्हा घाम फुटला. सगळी अक्षरं इंग्रजी. पाचवी-सहावीत एबीसीडी झाली होती, तेवढीच. एकेक अक्षर ओळखू येतं, त्यांचं मिळून काय होतं ते येत नाही. जावयानं शिकवलं ते एवढंच: आधी चालू करायचं आणि चहा पिऊन यायचं, मशीन तापू द्यायचं, गार मशीन बेसूर बोलतं. मग एक बटण आहे ते दाबायचं, ते स्वतःचं स्वतः सुरात येतं. मग आवाज अगदी लहान ठेवून एक पट्टी दाबायची. एकच. ‘घाई करू नका मामा. पयले एकच सूर ऐका, एकेक खुंटी फिरवा, काय बदलतंय बघा, परत जागेवर ठेवा.’ मला हसू आलं. एकच सूर ऐकायला मला शिकवतो.

दुपारी घरात कोणी नसताना मी बसायचो. भीती वाटायची की चुकीची खुंटी फिरवली तर आत काही तुटेल आणि आवाज जन्मात परत येणार नाही. प्रत्येक खुंटी कुठं होती तिथं खडूनं खूण केली. मग एका जागी अक्षरं नव्हती, चित्रं होती. एक करवतीच्या दातांसारखं, एक उंबरठ्यासारखं चौकोनी. चित्र मला वाचता येतं. करवतीवर बटण नेलं आणि पट्टी दाबली, बा. पिपाणीच होती ती. नाकातली, चरचरीत, पहाटे मांडवात लागते तशी. शेजारची मोठी खुंटी डावीकडं नेली की तोच आवाज गोधडीखाली दाबल्यासारखा होतो, उजवीकडं नेली की उघडतो. जावई म्हणतो ती गाळणी आहे, विजेतला कचरा गाळते. मी ती जवळजवळ सगळी उघडी ठेवली. आपल्या वाजवण्यात कचरा असायचाच. अजून एक खुंटी आहे, ती आवाज झटकन येऊ देते किंवा हळू. आणि एक आहे ती पट्टी सोडल्यावर आवाज मागे किती रेंगाळेल ते ठरवते. या दोन समजायला मला आठवडा लागला. प्रत्येक वेळी जावयाला फोन. ‘अहो, मघाशी सोडला तरी वाजतोय, काय करू?’ तो कुठल्या तरी हळदीत असायचा, मागे धडधड चाललेली असायची, तरी चिडला नाही. तू चिडला असतास.

याच्यात सहा आवाज आहेत. सहा पट्ट्या एकदम दाबल्या तर सहाही बोलतात, आणि मजा अशी की कुठलेही दोन अगदी सारखे नाहीत. एक जरा वर, एक जरा खाली, तापेल तसे सरकतात. सहा माणसं ओळीनं बसल्यासारखी. मी पहिल्यांदा सहा दाबल्या तेव्हा घर भरून गेलं, भिंतीवरचा तुझा फोटो थरथरला. तुझ्या आयुष्यात तू एका माणसाला तुझ्याशेजारी वाजवू दिलंस, तेही तोंड बुजवून.

मग मी ठरवलं की डावीकडं सूर ठेवू आणि उजव्या हातानं चाल शोधू. एक बटण आहे, होल्ड. ते दाबलं की पट्टी सोडली तरी आवाज तसाच राहतो. मला काय आनंद झाला सांगू. ज्यासाठी माझं बालपण तांब्यात बुडालं ते एका बटणात! सूर लावला, बटण दाबलं, हात काढला, सूर चालू. मग उजवीकडं चाल चाचपायला लागलो. एक पट्टी, दुसरी, तिसरी, आणि त्याही सगळ्या तशाच वाजत राहिल्या, सगळा गोंधळ. सहावी पट्टी दाबली, आवाजांची संख्या संपली, तिच्यानंतर अजून एक दाबली आणि माझा सूर गप्प झाला. पुन्हा केलं. पुन्हा सूरच गेला. जावयाला फोन लावला.

‘मामा, त्याच्याकडं सहाच मान्सं हायत. सातवा आला की कुनाला तरी उठवावं लागतं. जो पयला बसला त्याला उठवतो तो.’

‘पन पयला सूर आहे.’

‘त्याला काय म्हायती सूर कोन आनि चाल कोन? त्याला सगळे सारखेच.’

मी फोन ठेवला. सगळ्यात आधी बसला, सगळ्यात जास्त वेळ बसला, त्यालाच पहिला उठवायचा. हे मशीन कुठल्या देशात बनलं मला माहीत नाही, पण तुला तिथं नोकरी मिळाली असती. जावयानं नंतर येऊन पुठ्ठ्याचा तुकडा पट्टीच्या फटीत खुपसून दिला, म्हणजे पट्टी दाबलेली राहील. मी अर्धा तास त्या पुठ्ठ्याकडंच बघत बसलो, निसटला तर, निसटला तर. शेवटी काढून टाकला. होल्ड बंद केलं, रेंगाळायची खुंटी खाली आणली आणि डाव्या हाताचं बोट पट्टीवर ठेवलं. सूर माझ्याच बोटानं धरला. दुसरा इलाज नव्हता.

सरळगावचं लग्न तुला आठवत असेल किंवा नसेल. तुला न आठवायचीच शक्यता जास्त. मला मिसरूड फुटत होतं. जेवणाच्या वेळी तू यजमानाबरोबर पंगतीत बसलास, मी वाजंत्र्यांच्या सतरंजीवर एकटा. बाभळीच्या काट्यानं मी वरच्या दोन भोकांमधलं मेण आदल्या दिवशीच उकरलं होतं, वरून जरासं चिकटवून ठेवलं होतं. मी ते काढलं आणि वाजवलं. तुझी चाल नव्हे, नुसतं वर-खाली, पोर झोक्यावर बसतं तसं. नवरीकडच्या दोन मुली थांबून ऐकायला लागल्या. तू पंगतीतून उठलास. हात धुतला नव्हतास. वरणाचा हात माझ्या गालावर. सगळा मांडव बघतो आहे, आणि तू लोकांकडं वळून हसत म्हणतोस, ‘पाय फुटलेत पिपानीला, पळून जायला लागली.’ हसले सगळे, त्या मुलीही हसल्या. घरी आल्यावर पळी, चूल, मेण. दर उन्हाळ्यात उकाड्यानं मेण मऊ पडायचं आणि लगीनसराईच्या आधी तू ते नव्यानं भरायचास, पण त्या दिवशी हंगामाच्या मध्येच भरलंस, माझ्याकडं न बघता, आणि अंगठ्यानं दाबताना तुझी जीभ दातांत होती, जशी नक्षी काढताना असते.

तर चाल. मशीनच्या कडेला एक दांडा आहे, तो सरकवला की आवाज ओढल्यासारखा वर-खाली जातो, तुझी बोटं भोकावरून घसरायची तसा. मी खूश होऊन तो वापरायला गेलो, पण तो सगळ्यांनाच एकदम ओढतो, चालीबरोबर खालचा सूरही हलतो. म्हणून सोडून दिला. नुसत्या उघड्या पट्ट्या राहिल्या. डावं बोट सुरावर, उजव्या हाताचं एक बोट. डोळे मिटले आणि तुझ्या डाव्या बाजूला जाऊन बसलो, जिथून मी ती सगळी वर्षं ऐकली होती. सुरापासून ती किती लांब जाते, कुठं जवळ येते, कुठं टेकते, ते मला गालात माहीत होतं. पहिली जागा सापडली. मग दुसरी. मग ती परत फिरून खाली आली.

बा, पाच पट्ट्या आहेत. पाच. वर जाते, थांबते, खाली येते, पुन्हा तेच. चहाची वेळ व्हायच्या आत ती सगळी माझ्या एका बोटाखाली होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मला वाटलं काहीतरी राहिलं, आत कुठं तरी अवघड वळण असेल. पुन्हा पुन्हा वाजवली. काही राहिलेलं नव्हतं. मी बोट काढलं आणि ओटीवर येऊन बसलो. मुलगी गवताचा भारा टाकून आली.

‘काय झालं, बाबा?’

‘सापडली.’

‘मंग आसं तोंड का केलंय?’

काय सांगू तिला. मला कळतं, पिपाणीवर बोटं घसरवायची असतात, पट्टीवर तसं नसतं. पण ते मला दोन लगीनसराईंत आलं असतं. जे अवघड होतं ते श्वास न तोडणं, आणि ते माझ्याकडं होतं. तू मध्येच थांबून पान लावायचास, यजमानाची चेष्टा करायचास, ओळखीच्या बाईला ‘कधी आलीस गो’ म्हणून विचारायचास, आणि कुणाला कळायचंही नाही की तू थांबलास, कारण खाली मी चालू होतो. अवघड काम तू नऊ-दहा वर्षांच्या पोराला दिलंस आणि सोपं स्वतःकडं ठेवलंस. शेला सोप्याला मिळायचा. नारळ सोप्याला. ‘काय हात आहे’ हे सोप्याला. आणि हे सोपं आहे हे कुणाला कळू नये म्हणून तू माझी भोकं बुजवलीस. दुसऱ्या कुणाची नाही, माझी, कारण सगळ्यात जवळ मीच बसलो होतो. चाल दादाला दिलीस ती का, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आता विचारायला दोघंही नाहीत. त्याची बोटं लांब होती म्हणायचास. पाच पट्ट्यांना किती लांब बोटं लागतात?

बोहाड्याची शेवटची सकाळ झाली. माझी झोप आदल्या रात्रीपासूनच गेलेली. देवळापुढं कापड बांधून सावली केली होती, जनरेटरवर मशीन. मी जावयाला विचारून विचारून बेजार केलं, जनरेटर बंद पडला तर, कापड उडालं तर, ऊन सरकलं तर. ऊन सरकलंच. देवी पडद्यामागे तयार, संबळवाल्यानं काठी उचललेली, आणि मी पट्टी दाबली तर सूर वितळलेल्या मेणासारखा खाली ओघळला. मी ते सुरात आणायचं बटण दाबलं. ते दाबलं की मशीन थोडा वेळ मुकं होतं, आतल्या आत सहाही जणांना रांगेत उभं करतं. तो थोडा वेळ संपेना.

‘काका, चला की!’

‘थांब रे, सुरात येतंय.’

ठेकेदार मागून म्हणाला, ‘काका, देवी घामाघूम झाली. भ्यां तरी करा.’

मग ते आलं सुरात. मी डावं बोट ठेवलं. नुसता सूर. बायका गप्प झाल्या. त्यांना तो सूर ओळखू आला, बा, मला वाटायचं त्याच्याकडं कुणाचं लक्षच नसतं. मग मी तुझी चाल वाजवली. पडद्याखाली देवीचे पाय दिसत होते. डावा उचलला. ती आली ती नाचत आली, आणि मी पुढं काही बघितलं नाही, कारण मी माझ्या डाव्या बोटाकडं बघत होतो, ते उचलू नये म्हणून.

संपल्यावर लोक जमले. मशीनला हात लावून बघत होते, पोरं बटणं मोजत होती. मला टोपी घातली, टॉवेल आणि नारळ दिला. ठेकेदार पान थुंकून आला आणि खाली वाकला. ‘काका, त्या दिशी बोललो ते मनात धरू नका. लई अवघड आसंल ना ही चाल?’

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हणालो, ‘लई अवघड. जल्म जातो.’

टेम्पोत परत येताना मुलगी म्हणाली, ‘बाबा, अवघड कुठं हाय? मी बघत व्हते मागून. पाचच तर पट्ट्या हायत.’

‘हळू बोल,’ मी म्हणालो.

आता तो नारळ तुझ्या फोटोखाली आहे. तुला म्हणून ठेवलेला नाही, दुसरीकडं जागा नव्हती. पुढल्या सालीही मलाच बोलावणार आहेत, आणि मला आत्तापासून काळजी लागली आहे. हे लिहून झालं की या कागदांची घडी करून टेबलाच्या एका पायाखाली घालणार आहे. ते जरा डुगडुगतं, आणि सूर धरताना बोट हलतं.

एक राहिलं. मेण दर उन्हाळ्यात मऊ पडायचं, तू नव्यानं भरायचास, हे वर लिहिलं आहे. तू गेल्यावर दादाच्या डाव्या बाजूला मी चाळीसएक लगीनसराया बसलो. त्या सगळ्या वर्षांत चुलीवर पळी ठेवून ती भोकं मीच भरत होतो.